दोन्ही बाजूंनी लिहिलेली चादर

मी एक चादर बोलतेय. डबल बेडची. पांढरीशुभ्र होते असं आता सांगायची सोय राहिली नाही, कारण माझ्या एका अंगावर निळं लिहिलंय आणि दुसऱ्या अंगावर लाल. चादरीला अंगं दोनच असतात. माझी दोन्ही भरली.

चादरीला काय बोलायचं असणार, असं तुम्हाला वाटेल. आम्ही अंथरायच्या, घडी घालायच्या, फार तर झटकायच्या वस्तू. पण मी एक अख्खा हंगाम बास्केटबॉलच्या हॉलमध्ये गॅलरीच्या कठड्यावर लटकून काढलाय. माझ्यामागं बसून मोठी माणसं एका कोवळ्या पोरावरून तावातावानं भांडायची आणि त्यांचं सगळं बोलणं माझ्या पाठीवर आदळायचं. इतकं ऐकल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

माझा जन्म गिरणीतला. तिथं कापड एकसलग यायचं आणि कापणाऱ्या बाईच्या कात्रीवर ठरायचं, कोण उशीचा अभ्रा होणार आणि कोण चादर. मला चारी बाजूंनी शिवण बसली, पोटात पुठ्ठा गेला, वर प्लास्टिक चढलं. दुकानात मी बरेच दिवस फळीवर होते. लोक यायचे, हात लावायचे, "छान आहे हो, पण पांढरी," म्हणायचे आणि फुलाफुलांची घेऊन जायचे.

शेवटी एका मावशीनं मला उचललं. तिच्या भाचीचं लग्न होतं.

"पांढरी आहे," मावशी भाचीला म्हणाली, "डाग लगेच दिसेल. म्हणूनच घेतली. डाग दिसला तर धुता तरी येतो."

भाची हसली. ती फार बोलत नाही. हसते, तेही ओठ मिटून. समोरच्याला वाटतं, हिला कळलं नाही. प्रत्यक्षात तिला जरा जास्तच कळलेलं असतं.

तिच्याबरोबर मीही सासरी आले. तिनं मला कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवलं, काहीतरी चांगलं निमित्त येईल तेव्हा काढू म्हणून. खणाचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं घरातलं सगळं मला ऐकू यायचं.

त्या घरात बटणांची एक लांबलचक पट्टी होती. कुठलं बटण कशाचं, हे फक्त घरच्यांना माहीत. पहिल्या आठवड्यात तिनं पंखा लावायला जावं आणि बाथरूममध्ये सासऱ्यांच्या डोक्यावरचा दिवा जावा.

"अरे, कोण आहे रे तिकडं?" साबणाच्या फेसातून आवाज यायचा. "मी आत आहे! जिवंत आहे!"

सासूबाई चांगल्या होत्या, पण त्यांचं पुटपुटणं भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं असायचं. "होईल सवय. आमच्या वेळी आम्हाला दुसऱ्या दिवशी सगळं यायचं, पण असो."

दूध उतू गेलं. इस्त्रीखाली सासऱ्यांचा सदरा पिवळा पडला. ती खोलीत आली आणि कपड्यांच्या घड्या घालायचं निमित्त करून माझ्या खणासमोर बसली. रडत नव्हती. एकच ओढणी उलटसुलट घडी घालत होती.

नवरा तिच्याशेजारी जमिनीवर बसला. कुरिअर कंपनीत कामाला. 'नाजूक, जपून हाताळा' असं लिहिलेली खोकी दिवसभर इकडून तिकडं टाकायचं काम. पण त्या दिवशी त्यानं तिच्या हातातली ओढणी हळूच काढून घेतली.

"घाई नको," तो म्हणाला. "मी आहे ना."

झालं. एवढंच. मी कोरी चादर होते, त्यामुळं पहिलं वाक्य माझ्यात चांगलंच मुरलं. तिच्यातही मुरलं असावं, कारण त्यानंतर तिनं पट्टीवरच्या प्रत्येक बटणाशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून टाकलं: पंखा, व्हरांडा, सासरे.

तिचं अक्षर फार सुरेख. तेच तिच्या पोटापाण्याचं साधन. एका केकच्या दुकानात ती नुकतीच लागली होती, तेही आधी काही महिने हात बघू आणि मग ठेवू या बोलीवर. क्रीम भरलेला कोन दाबत केकवर नावं लिहायची. दुकानाच्या मालकीणबाई कडक होत्या. कधी तिचं अक्षर पसरायचं. मग बाई म्हणायच्या, "पूस आणि परत लिही. केकवर पुसता येतं, हे आपलं नशीब." हे ती संध्याकाळी सासूबाईंना सांगायची आणि मी खणातून ऐकायचे. तेव्हा मला या वाक्याचं काही वाटलं नव्हतं.

आता नवऱ्याच्या वेडाबद्दल सांगते. त्याला आणि त्याच्या दोस्तांना आपल्या शहराच्या बास्केटबॉल संघाचं वेड होतं. दोस्त म्हणजे दोघे. एक न्हावीकाका. त्यांचं दुकान हॉलच्या फाटकासमोर. दुसरे मास्तर. निवृत्त गणितवाले. मॅच बघताना कागदपेन्सिल नाही, सगळं डोक्यात, आणि मधूनच बाँब टाकल्यासारखी टक्केवारी सांगायचे. या तिघांची जागा ठरलेली: बास्केटच्या बरोबर मागं, भिंतीवरच्या घड्याळाखाली, कठड्याला लागून पहिली रांग.

त्या हंगामात संघात एक नवीन पोरगा आला. उंची अशी की दारातून आत येताना नमस्कार केल्यासारखा वाकून यायचा. न्हावीकाकांकडं केस कापायला गेला तर खुर्चीत बसूनही त्याचे गुडघे आरशाला टेकले. काका म्हणाले, "अरे, ही तर शिडी आहे!" तेव्हापासून तो शिडी.

"हा आपल्याला वर नेणार," काका सांगत सुटले. "मी डोकं हातात घेऊन बघितलंय. वजनदार डोकं आहे."

शिडीचं स्वागत व्हायला हवं, मोठा फलक हवा, असं तिघांनी ठरवलं. कापड कुठून आणायचं? नवरा घरी आला, सगळ्यात खालचा खण ओढला आणि मला बाहेर काढलं.

"अगं, ही पडूनच आहे ना?"

ती दारात उभी होती. चांगलं निमित्त म्हणून ठेवलेली चादर नवऱ्याच्या काखेत. तिनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की 'विचारायचं होतं' हे वाक्य तिनं गिळलं.

"तुमचं अक्षर कुणाला वाचता येणार नाही," ती म्हणाली. "मी लिहून देते."

बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला सरकवलं. मला जमिनीवर अंथरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण उघडले, तेही पलंगावर नाही, फरशीवर. पण खोटं कशाला बोलू, ती दुपार माझी सगळ्यात सुखाची. ती गुडघ्यांवर बसून पेन्सिलीनं आखत होती. "आधी शेवटचं अक्षर कुठं पडेल ते ठरवायचं," त्याला शिकवत होती, "नाहीतर कडेला गर्दी होते." तो खिडक्या रंगवून उरलेला निळा रंग भरत होता. मध्येच त्याच्या नाकाला निळं लागलं. तिनं सांगितलं नाही. सासूबाई आल्या, त्याच्या नाकाकडं बघितलं, त्याही काही बोलल्या नाहीत. त्या घरात त्या दोघींचं पहिलं एकमत नाकावर झालं.

"काय लिहायचं पण?" त्यानं आधीच विचारलं होतं. "'शिडी, फाडून काढ' असं काहीतरी?"

तिनं थोडा विचार केला आणि दोन ओळी आखल्या. वर: शिडी, घाई नको. खाली: आम्ही आहोत.

"वा!" तो म्हणाला. "क्या बात है. कुठून सुचलं गं?"

तिचा हात थांबला. त्याच्याकडं नीट बघितलं तिनं. तो खरंच विचारत होता.

"ऐकलं होतं कुठंतरी," ती म्हणाली आणि 'आहोत'चा काना सरळ केला.

पुढं तिनं माझ्या काठांना बांधायच्या पट्ट्या शिवल्या आणि मी हॉलमध्ये गेले. लिहिलेली बाजू मैदानाकडं, कोरी पाठ आपल्या माणसांकडं.

पहिल्या मॅचला काय लाड होते! काकांनी मला हातानं सारखं केलं, मास्तरांनी तिरकी आहे का बघितलं. शिडी मैदानात आला, मान वर केली, मला वाचलं, आणि इतक्या उंच पोराचे कान लाल झाले.

पोरगा चांगला होता, पण कच्चा होता. हे मी सांगायला नको, तिथल्या शेंगदाणेवाल्यालाही दिसत होतं. पळताना पाय एकमेकांत अडकायचे. पास द्यायचा तो जिथं माणूस नुकताच होता तिथं. आणि चूक झाली की लगेच कोचकडं बघायचा, काच फोडलेल्या पोरासारखा. फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता बास्केटवर चेंडू टाकायच्या, रेषेवर उभा राहिला की मात्र वेगळा असायचा. चेंडू दोनदा आपटायचा, मान वर करायचा आणि थेट माझ्याकडं बघायचा. त्याचे ओठ हलायचे. तो मला वाचायचा. दर वेळी, पहिल्यांदा वाचत असल्यासारखा. मग श्वास सोडायचा आणि फेकायचा.

चेंडू कधी आत जायचा, कधी नाही. पण तो वाचायचा. अंथरायला घेतलेल्या चादरीला जेवढी किंमत असते, त्याहून जास्त मला त्या नजरेत मिळाली.

संघ हरू लागला आणि माझ्यामागचे आवाज बदलले.

"हा पास कुणाला दिला यानं?" न्हावीकाका उठून उभे. "तिथं कोण होतं? भूत?"

"तिथं कुणीतरी असायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "पास बरोबर होता. माणूस चुकीच्या जागी."

"म्हणजे तुमच्या गणितासारखं. उत्तर बरोबर, प्रश्न चुकला."

"काका, त्याला मिनिटं किती देतात ते बघा. आत घेतला की लगेच बाहेर. पोरगा शिकणार कधी?"

"शिकायचं घरी! इथं आम्ही तिकीट काढून शिकवणी बघायला येतो का?"

"मी मास्तरांच्या बाजूनं," नवरा म्हणायचा, तेव्हा अजून म्हणायचा. "मोठ्या हाडाची पोरं उशिरा तयार होतात. वेळ द्या."

"दे ना मग. तुझ्याकडं भरपूर आहे. नवीन लग्न झालंय, घरी जायचं सोडून इथं बसतोस."

हशा पिकायचा. मलाही हसू यायचं, कठड्यावर मी थोडी फडफडायचे.

हळूहळू तोही बदलला. एकदम नाही. आधी तो 'वेळ द्या' म्हणायचा, मग 'वेळ द्या, पण किती', मग नुसतंच 'किती'. मी कठड्याच्या सळ्यांमधून त्याच्या गुडघ्यांना टेकलेली असायचे, मला कळायचं. शिडीचा चेंडू रिंगवरून बाहेर पडला की त्याचे गुडघे आधी वाईट वाटून आखडायचे. नंतर ते रागानं हलायला लागले. चार लोक आपल्याला हसतील ही भीती गुडघ्यात आधी येते, असं माझं मत झालंय.

बाहेरगावी मॅच असली की तिघं घरी टीव्हीसमोर जमायचे. अशाच एका दिवशी मी खुर्चीच्या पाठीवर घडी होऊन पडले होते. शिडीनं हातातला चेंडू घालवला, समोरच्यानं नेऊन टाकला. काकांनी कपाळाला हात लावला.

"याला घेतलाच कशाला? ओझं नुसतं."

"आधी सगळेच अडखळतात," मास्तर पुटपुटले. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"मास्तर, अडखळणं वेगळं आणि जमतच नसणं वेगळं," नवरा म्हणाला. मग दोस्तांना हसवायला म्हणून पुढं जोडलं, "नवीन भरतीचं मला विचारा. आमच्या घरीही एक आलीये. इतके महिने झाले, अजून पंखा लावायला गेली की बाबांचा दिवा जातो. अजून बेंचवरच बसवलंय!"

काका मोठ्यानं हसले. मास्तर हसता हसता थांबले, कारण त्यांचं तोंड दाराकडं होतं.

ती ट्रेमध्ये चहा घेऊन उभी होती.

तिनं कप ठेवले, एकेक, आवाज न करता. "साखर वेगळी ठेवलीये," म्हणाली आणि आत गेली. पंख्याचं बटण दाबलं. पंखाच लागला. कित्येक महिने पंखाच लागत होता, तिनं सगळ्यांची नावं लिहून ठेवल्यापासून. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. पण गोष्ट जुनी असली तरी विनोद ताजा होता ना.

आतून सासूबाईंचा आवाज आला, या वेळी खरंच हळू. "लक्ष नको देऊस गं. पुरुष चौघांत बसले की असेच." ती काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. 

त्याच बैठकीत ठरलं. हंगामातली शेवटची मॅच घरच्या हॉलमध्ये होती आणि त्या मॅचनंतर क्लब शिडीला ठेवायचा की सोडायचा ते ठरवणार होता. कोच गॅलरीचं मत मनावर घेतो, असा काकांचा दावा होता. मग गॅलरीनं मत द्यायला नको का?

"चादर उलटी करू," काका म्हणाले. "पाठ कोरीच आहे."

तिघांचा एक नियम होता: कठड्यावर जे लागेल ते तिघांच्या एकमतानं. काकांचं मत दिसतच होतं. नवऱ्यानं मान हलवली. दोघांनी मास्तरांकडं बघितलं. शिडीला वेळ द्या, वेळ द्या म्हणून हंगामभर घसा कोरडा केलेला माणूस.

मास्तरांनी चष्मा पुसला. "फ्री थ्रो निम्म्याहून कमी आहेत," ते म्हणाले. "मी हो म्हणत नाही. पण माझा विरोध नाही."

काकांचा राग मला समजतो, तो उघडा होता. मास्तरांचं हे 'विरोध नाही' मात्र अजून माझ्या धाग्यात अडकून आहे.

नवऱ्यानं मला परत त्याच फरशीवर अंथरलं, पालथी. निळ्या अक्षरांची पुसट सावली पाठीवर उमटली होती, उलटी. ती झाकायला त्यानं आधी पांढऱ्या रंगाचा हात मारला. मी पुठ्ठ्यासारखी कडक झाले. मग पेन्सिल तिच्यापुढं धरली.

"जरा आखून दे ना. 'शिडी, खाली उतर' एवढंच आहे."

ती केकच्या दुकानातून आत्ताच आली होती. बोटांच्या कडांना गुलाबी क्रीम.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"तुला नाही जमणार? रोज तर लिहितेस!"

"रोज वाढदिवस असतात," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मग त्यानंच लिहिलं. लाल रंग, वेडंवाकडं अक्षर. शेवटचं अक्षर कुठं पडेल ते आधी ठरवलं नाही, त्यामुळं 'उतर'मधला 'र' कडेला चेंगरून बसला. माझ्या पाठीवर. माणसं पाठीमागं बोलतात हे माहीत होतं, पाठीवरच लिहितात हे मला तेव्हा कळलं.

मॅच रविवारी दुपारची होती. तिला सुट्टी होती. "चल की," नवरा म्हणाला, "बघ तरी आपली चादर तिथं कशी दिसते." ती आली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घड्याळाखाली बसली, पहिल्या रांगेत, नवऱ्याशेजारी.

मला बांधलं. लाल मैदानाकडं.

आणि इथं त्या तिघांच्या हातून एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. इतके दिवस माझी कोरी पाठ त्यांच्याकडं असायची. आता लाल बाजू बाहेर गेली म्हणजे निळी बाजू कुठं येणार, याचा विचार हंगामभर टक्केवारी काढणाऱ्या मास्तरांनीही केला नव्हता. ती बाजू आली त्यांच्या गुडघ्यांसमोर. कठड्याच्या सळ्यांमधून, हाताच्या अंतरावर, तिच्या सुरेख अक्षरात: शिडी, घाई नको. आम्ही आहोत.

त्यांनी ते वाचलं नाही. त्यांची नजर माझ्यावरून पलीकडं होती. वाचलं तिनं. मॅच चालू होती, आजूबाजूला आरडाओरडा, आणि ती मान खाली घालून मला वाचत बसली होती. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो समोर बघून ओरडत होता, "बाहेर काढा त्याला!"

मॅच संपत आली तेव्हा शिडीला दोन फ्री थ्रो मिळाले. तो रेषेवर आला. चेंडू दोनदा आपटला. मान वर केली.

मी तोंड फिरवू शकले असते तर फिरवलं असतं. चादरीला ते स्वातंत्र्य नसतं, बांधणारा बांधेल तसं दिसायचं.

त्याचे ओठ हलले. मग थांबले. परत हलले, जसं एखादं वाईट अक्षर दुसऱ्यांदा वाचावं. गॅलरीत कुणीतरी शिट्टी मारली. त्यानं फेकला. चेंडू रिंगला सुद्धा लागला नाही.

हशा. मोठा, घरचा हशा. पाहुण्या संघाच्या लोकांपेक्षा आपल्यांचा मोठा.

तेव्हा ती उठली. वाकली आणि माझ्या पट्ट्यांच्या गाठी सोडायला लागली. गाठी तिच्या पट्ट्यांच्या होत्या, तिच्या बोटांना ओळखून भराभर सुटल्या.

"अगं, काय करतेस?" नवरा. "लोक बघतायत!"

"वहिनी, अहो मॅच चालू आहे," काका.

"माझी चादर आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, साखर वेगळी ठेवलीये म्हणतानाचा.

तिनं मला आत ओढलं आणि तिथंच, भरल्या गॅलरीत, घडी घालायला लागली. डबल बेडची चादर एकटीनं घडी घालणं सोपं नसतं. दोन टोकं हनुवटीखाली धरावी लागतात, हात पूर्ण पसरावे लागतात. मास्तर दुसरं टोक धरायला अर्धवट उठले. तिनं मानेनंच नको म्हटलं. ते बसले.

खाली शिडीनं दुसरा थ्रो फेकला. या वेळी त्यानं वर बघितलंच नाही. चेंडू आत गेला, जाळीचा आवाजसुद्धा झाला. पण टाळी कुणी वाजवली नाही, कारण घड्याळाखालचे सगळे एका बाईला चादरीची घडी घालताना बघत होते.

मॅच संपली, संघ हरला. नवरा स्कूटर काढायला गेला. ती मला छातीशी धरून खेळाडूंच्या फाटकाजवळ थांबली. ऊन अजून होतं. शिडी बाहेर आला, खांद्यावर पिशवी, फाटकाच्या चौकटीखाली वाकून. त्याची नजर माझ्यावर गेली. मी घडीत होते, तरी ओळखलं त्यानं.

"ही तुमची, ताई?"

"हो."

"ते निळं अक्षर तुमचं?"

"हो."

"छान होतं." तो पिशवीचा पट्टा उगाच सारखा करत होता. "थ्रोच्या आधी वाचायचो. मग घाई व्हायची नाही." पट्टा सोडला. "आजचं आधी मला वाटलं, पाहुण्यांच्या टीमसाठी आहे. मग नाव वाचलं."

तिनं माझी घडी हातानं सारखी केली.

"ते कुणी लिहिलं?"

स्कूटर शेजारी येऊन थांबली होती. नवऱ्यानं हेल्मेट काढलं नव्हतं, पण काच वर होती.

"माझ्या नवऱ्यानं," ती म्हणाली. बोट दाखवलं नाही. गरज नव्हती.

शिडीनं त्याच्याकडं बघून मान झुकवली, मोठ्या माणसांसमोर झुकवतात तशी. राग असता तर बरं झालं असतं. नवऱ्यानं तोंड उघडलं, काच खाली केली, परत वर केली.

तिनं मला पुढं केलं. "घेऊन जातोस? निळी बाजू तुझीच आहे."

तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदा.

"नको, ताई. दोन्हीकडं लिहिलंय. एक नेली की दुसरी पण येणार."

आणि लांब ढांगा टाकत गेला.

क्लबनं त्याला सोडलं. सध्या तो दुसऱ्या कुठल्याशा संघात आहे. मॅचमध्ये थोडा वेळ खेळतो, बरा खेळतो असं म्हणतात. न्हावीकाका गिऱ्हाइकांना सांगतात, "आपल्याच गॅलरीनं घडवलाय त्याला. या खुर्चीत बसायचा." मास्तर म्हणतात, "मी तर वेळ द्या म्हणतच होतो," आणि ते खरंही आहे, म्हणून जास्त वाईट. घड्याळाखाली आता दुसऱ्या एका नव्या पोरावर चर्चा चालू झालीये. सुरुवातीचा भाग चालू आहे, लाडाचा. त्याला कुणीतरी सांगा, फलकाची मागची बाजू एकदा बघून घे म्हणून.

तिला केकच्या दुकानात कायम केलं. मालकीणबाई म्हणाल्या, हात बसलाय.

मला तिनं धुवून बघितलं. गरम पाणी, सोडा, ब्रश, सगळं झालं. केकवर पुसता येतं, माझ्यावर नाही. मावशीचा हिशेब इथं चुकला: डाग लगेच दिसला, पण गेला नाही. आता मी अंथरायच्या कामाची नाही आणि पांघरायच्या तर नाहीच. कुणी मला फाडून फरशी पुसायला घेतलं असतं तरी मी तक्रार केली नसती. पण तिनं मला त्याच कपाटात ठेवलंय. खालच्या खणात नाही, मधल्या फळीवर, त्याच्या शर्टांशेजारी. घडी अशी घातलीये की लाल सगळं आत आणि बाहेर फक्त दोन निळे शब्द: घाई नको. रोज सकाळी शर्ट काढताना त्याच्या डोळ्यांसमोर तेच येतात.

पहिल्यांदा तो म्हणाला, "अगं, तो खेळ होता."

"हो," ती म्हणाली. "वाक्य खेळातलं नव्हतं."

त्यानंतर बरेच दिवस तेच. शर्ट घ्यायचा, दार लावायचा. परवा मात्र दार उघडं ठेवून उभा राहिला. कामाला उशीर होत होता, तरी उभा राहिला.

"हे कुठं ऐकलं होतंस तू?" त्यानं विचारलं.

ती त्याच खणासमोर, त्याच जागी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. वर बघितलं नाही तिनं.

"आठवा," म्हणाली.

तो अजून आठवतोय. कधी कधी शर्ट हातात घेऊन नुसताच माझ्याकडं बघतो, आणि त्याचे ओठ हलतात. असे ओठ हलताना मी आधीही बघितलेत, म्हणून माझा जीव धागाधागा होतो.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. कुणासाठी काही लिहाल, बोलाल, तर तो ते खरंच वाचतो, एवढं लक्षात ठेवा. तुम्ही विसरलात तरी तो रेषेवर उभा राहून दर वेळी वाचत असतो.

आणि तिच्या नवऱ्याला मी इतकंच म्हणेन: घाई नको. पुढचे दोन शब्द तिनं सध्या घडीच्या आत ठेवलेत.